पुण्याला गेलेला अर्ज

भोपाळच्या त्या मोठ्या सरकारी कारखान्याच्या रजा विभागात तीन खिडक्या होत्या, आणि रांग लागायची ती तिसऱ्या खिडकीसमोर. पहिल्या दोन खिडक्यांवरचे बाबू अर्ज घेत, चुकीचा असला तर परत करत. तिसऱ्या खिडकीवरच्या नलिनीबाई खानझोडे चुकीचा अर्ज बाजूला सारून कोरा कागद ओढत आणि समोरच्याला विचारत, "कितने दिन की? किसलिए?" मग आपल्या वळणदार अक्षरात त्या अख्खा अर्ज लिहून देत. सेवा में, उचित माध्यम से, विषय, महोदय, खाली जोडलेल्या कागदांची यादी. समोरच्याने फक्त सही करायची.

नोकरीला लागून त्यांना दोन वर्षंही झाली नव्हती. त्याआधीची अठ्ठावीस वर्षं त्यांनी याच कारखान्याच्या वसाहतीत, बरखेड्यातल्या एका क्वार्टरमध्ये काढली. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागच्या अंगाला एक लहान खोली आणि पुढे पेरूचं झाड. नागपूरहून लग्न होऊन आल्या तेव्हा त्या मराठी घेऊन बी.ए. झालेल्या होत्या. नवरा, नीळकंठ, कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या तपासणीवर होता. एकदा त्यांनी वसाहतीतल्या बालवाडीसाठी अर्ज करायचं ठरवलंही होतं, पण जयंतचा जन्म झाला आणि ते राहून गेलं. बाई, तुम्हाला घरचं काम बरं वाटतं की दफ्तरातलं, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर त्या हसल्या असत्या. पुरुषांचं काम गेटच्या आत आणि बायकांचं क्वार्टरच्या आत, एवढं सरळ होतं ते.

करोनाच्या टाळेबंदीच्या सुरुवातीला जयंत पुण्याहून एक बॅग आणि लॅपटॉप घेऊन पंधरा दिवसांसाठी म्हणून आला. पुण्यात तो एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा. तो जेवणाच्या टेबलावर वर शर्ट आणि खाली अर्धी चड्डी अशा वेषात बसू लागला, आणि नीळकंठला त्याची फार गंमत वाटली. याची हाजिरी कोण घेतं, असं त्याने विचारलं. जयंतने सांगितलं, कुणी घेत नाही, नावापुढे हिरवा ठिपका दिसतो, म्हणजे माणूस कामावर आहे. नीळकंठने ते ऐकलं आणि पुढचे कित्येक दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, आमचे चिरंजीव सध्या हिरव्या ठिपक्याच्या हुद्द्यावर आहेत.

तो स्वतः मात्र रोज स्कूटर काढायचा. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये रोग परत उसळला तेव्हा त्याच्या विभागाने पन्नाशीपुढच्यांना आळीपाळीने घरी थांबायची मुभा दिली. नलिनीबाईंनी दोनदा विचारलं, थांबता का. तो म्हणाला, "घरून ट्रान्सफॉर्मर तपासू का? टेबलावर ठेवतेस आणून?" आणि गेला.

ताप कुठून आला हे कुणालाच सांगता आलं नसतं. भाजीवाल्याकडूनही आला असेल. पण नलिनीबाईंनी मनाशी ठरवून टाकलं, की तो गेटमधून आला. नीळकंठ पाच दिवस मागच्या खोलीत होता. त्या दाराबाहेर स्टुलावर ताट ठेवायच्या आणि तो आतून फोन करून सांगायचा, ठेव आणि हो बाजूला. मग नऊ दिवस इस्पितळात. मग कोणीच काही सांगेना, आणि मग सांगितलं.

नलिनीबाईंना त्या दिवशी रडू आलं नाही. नंतर येईल असं सगळे म्हणाले. नागपूरहून बहीण, सुनंदा, येऊन दीड महिना राहिली, ती रोज सकाळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची आणि संध्याकाळी परत बघायची. शेवटी तीही कंटाळून गेली. नलिनीबाईंचं सगळं चालू होतं. दूध तापत होतं, कपडे वाळत होते. फक्त हात पाण्यात घातला तर पाणी गार की कोमट हे त्यांना लगेच समजत नसे, जरा थांबावं लागे.

कारखान्याने नीळकंठच्या जागी घरातल्या एकाला घ्यायची तयारी दाखवली. जयंत नको म्हणाला, त्याला त्याची नोकरी होती. कुणीच गेलं नाही तर क्वार्टर सोडावं लागणार होतं. म्हणून एकोणपन्नासाव्या वर्षी नलिनीबाई रजा विभागात कार्यालय सहायक म्हणून रुजू झाल्या. पहिल्या दिवशी त्या नीळकंठच्याच वेळेला घराबाहेर पडल्या, आणि घरात जयंत राहिला. बाप गेटच्या आत, आई क्वार्टरच्या आत अशा घरात आता आई गेटच्या आत होती आणि मुलगा क्वार्टरच्या आत. शेजारपाजारच्यांना काही दिवस हे विचित्र वाटलं, मग सवय झाली.

जयंतचं टेबल मागच्या खोलीत हललं होतं. त्यात काही विचार नव्हता. इंटरनेटचा डबा त्याच खोलीत बसवलेला होता आणि तिथलं दार लावता येत होतं. तो नऊ वाजता आत जायचा. आतून त्याचं इंग्रजी बोलणं ऐकू यायचं, मधूनच हसणं. नलिनीबाईंनी घंटीची वायर काढून ठेवली होती, रविवारी सुद्धा कुकर लावताना त्या दार ओढून घेत. संध्याकाळी त्या परत येत तेव्हा तो कधी बाहेर असायचा, बहुतेकदा नसायचा. महिनोन्‌महिने तो फाटकाबाहेर गेला नाही. पेरू पिकून पडले तरी त्याच्या लक्षात आलं नाही. नलिनीबाईंना हे दिसत होतं आणि त्यांना त्याचं बरंच वाटत होतं. घरात आहे म्हणजे आहे. जो बाहेर जातो त्याचं काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. त्या स्वतः रोज बाहेर जात होत्या, ही गोष्ट त्यांनी या हिशेबात कधी धरली नाही.

दफ्तर त्यांना मानवलं. तिथे कुणी चेहऱ्याकडे बघत नसे. शेजारच्या टेबलावर शकीला आपा बसायच्या. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेल्या, जुन्या भोपाळातून दोन बस बदलून येणाऱ्या आणि सतत काही ना काही खाणाऱ्या. विभागाचे प्रमुख दुबेजी. नलिनीबाई लागल्यानंतरच्या पहिल्याच जानेवारीत रोगाची आणखी एक लाट आली, आणि दुबेजींनी सगळ्यांना विचारलं, कोणाकोणाला एक दिवसाआड घरून काम हवं आहे. त्यावर विभागात आठवडाभर काथ्याकूट चालला. तरुण पोरांना हवं होतं, त्यातल्या एकाला सोनागिरीत भावाचं दुकान सांभाळायचं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. शकीला आपा म्हणाल्या, "घर में तीन बहुएँ हैं। यहाँ पंखा तो मेरा है।" दुबेजी म्हणाले, माझ्या बायकोने आधीच कळवून ठेवलंय, घरी थांबलात तर पाण्याची टाकी तुम्हीच धुवायची. सगळे हसले.

नलिनीबाई दुबेजींच्या टेबलाशी गेल्या आणि म्हणाल्या, माझी पाळी लावू नका, मी रोज येईन.

दुबेजींनी चष्मा वर केला. "सब घर माँग रहे हैं, मैडम। आप दफ़्तर माँग रही हैं?"

त्या हो म्हणाल्या. कारण विचारलं गेलं नाही. घरी त्यांनी जयंतला सांगितलं, की आमच्याकडे तसा काही आदेश निघालेला नाही. तो म्हणाला होता, थांब ना आई घरी, मी पण आहे. त्यांनी डब्यात पोळ्या भरल्या आणि निघाल्या.

रजा विभागात त्या एक गोष्ट शिकल्या. कारण खरं की खोटं हे कुणी बघत नाही. कागद बघतात. मुलीच्या तापासाठी रजा मागणारा माणूस रडला तरी दुबेजी नाही म्हणत, आणि त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी डॉक्टरचा दाखला, त्याची साक्षांकित प्रत आणि नीट लिहिलेला अर्ज आणला की न वाचता सही करत. ते कठोर नव्हते. नीट लिहिलेल्या अर्जाला नाही म्हणणं त्यांना जमतच नसे. नलिनीबाईंच्या हातून गेलेला एकही अर्ज अजून फिरला नव्हता. त्यांना अलीकडे जे थोडंफार समाधान वाटे ते एवढ्याचंच.

मे महिन्यात एक दिवस जेवताना जयंत म्हणाला, "आई, पुण्याला बोलावतायत. एक जुलैपासून."

नलिनीबाईंच्या हातातला वाढणीचा चमचा तसाच राहिला. "कायमचं?"

"आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. म्हणजे तिथेच राहावं लागणार ना यार."

"मग तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार. वरून आलंय." त्याने वरण ओढून घेतलं. त्या वाट बघत राहिल्या, पण तो पुढे काही बोलला नाही आणि जेवण झाल्यावर खोलीत गेला.

त्याच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ नलिनीबाईंनी लावला. मुलाला जायचं नाही. नाही म्हणायची त्याची हिंमत नाही, बापासारखाच आहे, कामापुढे तोंड उघडत नाही. बापाच्या वेळी आपण दोनदा विचारलं आणि गप्प बसलो. तिसऱ्यांदा विचारलं नाही, विभागप्रमुखांकडे गेलो नाही, कुणाला काही लिहिलं नाही. तेव्हा अर्ज कसा करतात हे ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी अर्ज लिहायला घेतला. पुण्याची कंपनी म्हणून मराठीत लिहिला. हिंदीतले शब्द मराठीत आणताना जरा अडखळल्या. "मा. महाव्यवस्थापक, कार्मिक विभाग" असा मायना घातला. विषय: माझा मुलगा जयंत नीळकंठ खानझोडे यास घरूनच काम करू देण्याबाबत. मग, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती, की त्याच्या घरी आई एकटी असून तिला रक्तदाबाचा त्रास आहे. वडील कामावर जात असताना आजारी पडून वारले. शेवटी एक वाक्य त्यांनी लिहिलं, जे कुठल्याच अर्जात बसत नव्हतं: तो स्वतः सांगणार नाही, म्हणून मी लिहीत आहे. ते खोडावं की ठेवावं हे त्यांना ठरवता येईना. खाडाखोड केलेला अर्ज चालत नाही, म्हणून ते राहिलं.

सोबत चार कागद जोडले. नीळकंठचा मृत्यूचा दाखला, स्वतःचा डॉक्टरी दाखला, क्वार्टरच्या वाटपाचं पत्र आणि कुटुंबातल्या माणसांची कारखान्याने दिलेली यादी. प्रतींवर शिक्का मारायला त्या दुबेजींकडे गेल्या. दुबेजींनी पहिले दोन शिक्के सवयीने मारले आणि तिसऱ्याला थांबले.

"बेटे की कंपनी तो प्राइवेट है न? वहाँ हमारा ठप्पा चलेगा?"

नलिनीबाई म्हणाल्या, "मार दीजिए सर। बिना ठप्पे के अच्छा नहीं लगता।"

दुबेजींनी मारले. पत्ता त्यांनी, कंपनीने मध्यंतरी पाठवलेला नवा लॅपटॉप ज्या खोक्यातून आला होता त्यावरून उतरवून घेतला होता. पिपलानीच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने पाकीट गेलं, पावती त्यांनी पर्समध्ये ठेवली. जयंतला काही सांगितलं नाही. रजेचा अर्ज मंजूर व्हायच्या आधी घरी सांगितला तर माणसं उगाच आशेला लागतात.

जून निम्मा झाला. जयंत बॅग काढत नव्हता, कुठे राहायचं ते बोलत नव्हता. नलिनीबाई मनात म्हणत होत्या, अर्ज पोचलाय, विचार चालू आहे. त्यांना झोप बरी लागू लागली. एका रविवारी त्यांनी साबुदाण्याच्या चिकवड्या घालायला घेतल्या आणि सवयीपेक्षा दुप्पट साबुदाणा भिजवला.

खरं तर पाकीट तीन आठवडे पुण्यातल्या त्या कंपनीच्या स्वागतकक्षातल्या ट्रेमध्ये पडून होतं. तिथे कागदावर लिहिलेलं काही येतच नसे. महाव्यवस्थापक, कार्मिक, असा कोणी माणूस त्या कंपनीत नव्हता. शेवटी एका पहारेकऱ्याने आतलं नाव वाचून ते जयंतच्या वरिष्ठ बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

त्या बाईंचा फोन आला तेव्हा नलिनीबाई दफ्तरातच होत्या. नुकती जेवणाची सुट्टी झाली होती. शकीला आपांनी डबा उघडला होता. अर्जावर खाली नलिनीबाईंनी आपला नंबर लिहिला होता, त्यावर तो आला.

"काकू, मी वंदना बोलते. पुण्याहून. जयंत माझ्या टीममध्ये आहे."

नलिनीबाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. साहेबांचा फोन आला की उठून उभं राहायचं, हे त्यांनी नीळकंठचं पाहिलेलं होतं.

वंदनाबाई चांगलं बोलल्या. तुमचं पत्र मिळालं म्हणाल्या, मी दोनदा वाचलं, असं पत्र आम्हाला कुणी लिहीत नाही. नीळकंठबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं, तब्येतीची चौकशी केली. नलिनीबाई नुसतं हो, हो म्हणत होत्या आणि मंजूर झालं की नाही तेवढं ऐकायला थांबल्या होत्या.

"काकू, एक विचारू? जयंतने तुम्हाला काय सांगितलंय?"

"तुम्ही बोलावलंय म्हणून. एक जुलैपासून."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"खरं म्हणजे मी हे सांगायला नको," वंदनाबाई म्हणाल्या. "पण तुमचं हे पत्र हातात आहे आणि मला कळत नाहीये मी काय करू. आम्ही कुणालाच बोलावलेलं नाही. वर्षअखेरपर्यंत तरी नाही. त्याने स्वतःच मागितलंय यायला. गेल्या नोव्हेंबरमध्ये एकदा मागितलं होतं, मी जागासुद्धा ठेवली. आदल्या दिवशी त्याचा मेल आला, घरी अडचण आहे. फेब्रुवारीत परत तेच. आता मेमध्ये तिसऱ्यांदा मागितलंय."

नलिनीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणजे माझ्याकडे आता दोन अर्ज आहेत, काकू. एक त्याचा, एक तुमचा. सांगा, मी कुठला धरू?"

वसाहतीत आपणहून कुणी जात नसे. बदली होई. हुकूम येई, मग बायको रडे, आई जेवण सोडे, पण हुकूम आहे म्हटल्यावर ट्रंका बांधल्या जात. जाणाऱ्यावर कुणी रागावत नसे, कारण तो जात नसे, त्याला पाठवलेलं असे. जयंत याच वसाहतीत लहानाचा मोठा झाला होता. त्याने स्वतःच स्वतःच्या बदलीचा हुकूम काढला होता.

नलिनीबाई नोव्हेंबर आठवू लागल्या. एक जेवण आठवलं. पोळी वाढताना त्या म्हणाल्या होत्या, मी ड्यूटीवर असताना घराला कुलूप लागत नाही, एवढ्यावर माझं चाललंय बघ. अगदी सहज म्हणाल्या होत्या, मग भाजीत मीठ कमी आहे का ते विचारलं होतं. फेब्रुवारीतलं त्यांना काही आठवेना. काही घडलंच नसेल. न घडताही त्याचं अडलं असेल.

"काकू, आहात ना?"

"आहे." मग त्यांना जे सुचलं ते त्यांनी विचारलं. "तिथे येऊन तो वेगळं काय करणार? काम तर तेच ना?"

"काम तेच. लॅपटॉपही तोच." वंदनाबाई म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा रोज ऑफिसला जाता ना? त्याने सांगितलं होतं मला. म्हणाला, माझी आई एक दिवस चुकवत नाही."

नलिनीबाईंनी समोर पाहिलं. त्यांच्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा होता, पंखा फिरत होता, दुबेजी कुणाला तरी फोनवर रागावत होते. त्या इथे रोज का येतात हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. दिवसाउजेडी त्यांना ते घर नको होतं. ती मागची खोली नको होती. त्या खोलीसमोरून जाताना त्या अजूनही भिंतीकडे तोंड करत, आणि सकाळी नऊच्या आत बाहेर पडत. आणि त्याच खोलीत त्यांनी मुलाला दोन वर्षं बसवलं होतं. तिथून तो हसला की त्यांना वाटे, चला, बरा आहे.

हे सगळं त्यांना स्वच्छ कळलं. छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही. बधिर झालेल्या पायावर कुणीतरी उभं राहावं तसं फक्त वजन कळलं.

"त्याचा धरा," त्या म्हणाल्या.

"आणि तुमचा?"

"माझा दप्तरी दाखल करा." पलीकडे कळलेलं दिसलं नाही, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. "म्हणजे ठेवून द्यायचा. त्यावर काही करायचं नसतं. आणि जयंतला सांगू नका असा काही अर्ज आला होता म्हणून."

वंदनाबाईंनी कबूल केलं. फोन ठेवून नलिनीबाई बसल्या. शकीला आपांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या डब्यातला अर्धा पराठा त्यांच्या झाकणात ठेवला. त्यांनी तो खाल्ला. तिखट होता की नव्हता ते त्यांना सांगता आलं नसतं.

संध्याकाळी त्या घरी पोचल्या तेव्हा मागच्या खोलीचं दार लावलेलं होतं आणि आतून बोलण्याचा आवाज येत होता. एरवी त्या स्वयंपाकघरात गेल्या असत्या. त्या दाराशी उभ्या राहिल्या, पर्स खांद्यालाच होती. आवाज थांबल्यावर त्यांनी दार वाजवलं आणि उत्तराची वाट न बघता उघडलं. दोन वर्षांत त्या या खोलीत केर काढायलाही आल्या नव्हत्या, तो स्वतःच काढायचा. टेबल खिडकीला लावलेलं होतं. नीळकंठची खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती, तिच्यावर जयंतचे दोन शर्ट. खोली त्यांना वाटली होती त्यापेक्षा फार लहान होती.

जयंतने कानावरचं काढलं. "काय झालं? बरं नाहीये का तुला?"

"बरी आहे. तिकीट काढलंस का?"

"कशाचं?"

"पुण्याचं. आठ-दहा दिवस उरले. नंतर गाड्या मिळत नाहीत."

त्याने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. सत्तावीस वर्षांचा मुलगा, पण त्या उजेडात त्याचा रंग आजारी माणसासारखा दिसत होता. हे त्यांनी आधीही पाहिलं असणार.

"मी विचार करत होतो," तो म्हणाला, "विचारून बघतो अजून थोडे दिवस मिळतात का."

"वरून आलंय म्हणालास ना?"

"हो, पण."

"मग पण काय? ऑर्डर आली की जायचं असतं. तुझ्या बाबांनी कधी वाढवून मागितलं का?"

जयंतने लॅपटॉपकडे पाहिलं, मग परत त्यांच्याकडे. आपण जे सांगितलं होतं ते आई परत आपल्या हातात देते आहे, एवढं त्याला कळलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. लहानपणी खोटं बोलताना व्हायचे तसे.

"तू काय करशील?" त्याने विचारलं.

"मी दफ्तरात असते."

"आणि संध्याकाळी? रविवारी?"

 एखादं उत्तर बनवून द्यावं असं नलिनीबाईंच्या मनात आलं, की शेजारच्या वैजयंतीबाईंकडे जाईन, भजनाला जाईन. पण बनवण्याइतका जीव गोळा होईना. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण ते तुझ्या ऑर्डरीत लिहिलेलं नाहीये. तिकीट काढ."

तो हलला नाही. त्याही हलल्या नाहीत. मग तो म्हणाला, "खालची बर्थ बघतो." आणि त्यांच्यासमोरच त्याने बघितली. एकोणतीस तारखेची मिळाली.

त्या दिवशी सामान काढताना फारसं बोलणं झालं नाही. नलिनीबाईंनी चिकवड्यांचा डबा दिला, तो बॅगेत बसेना, शेवटी हातात घेतला. स्टेशनवर जयंतने वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या दंडाला धरून जरा वेळ उभा राहिला. त्या म्हणाल्या, मास्क लाव. आता कोणी लावत नाही गं, तो म्हणाला, पण खिशातून काढून लावला. गाडी सुटली. परत येताना रिक्षावाल्याने विचारलं, बहेनजी, किधर, तर त्यांना क्वार्टरचा नंबर आठवायला क्षणभर वेळ लागला. घरी येऊन त्यांनी मागच्या खोलीतला इंटरनेटचा डबा बंद केला. त्यावर एक दिवा लुकलुकत होता, तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाहेरच्या दाराला कुलूप लावलं आणि नेहमीच्या वेळेला दफ्तरात आल्या. शकीला आपांनी पिशवी टेबलाखाली सारत विचारलं, "बेटा गया?"

"गया."

"रोईं?"

"नहीं।"

शकीला आपांनी मान डोलावली, जणू त्यांना हेच उत्तर हवं होतं. "जब रोना आए," त्या म्हणाल्या, "तो यहीं रो लेना। घर में अकेले मत रोना। यहाँ हम लोग हैं, दुबेजी हैं, कोई पानी तो पिला देगा।"

नलिनीबाई हो म्हणाल्या. खिडकीवर पहिला माणूस आला होता. त्याने अर्ज आत सरकवला. त्यांनी त्यावरचं नाव वाचलं, तारीख वाचली, मग पुन्हा वर जाऊन नाव वाचलं, कारण पहिल्यांदा वाचलेलं डोक्यात उतरलंच नव्हतं. तिसऱ्यांदा वाचल्यावर उतरलं. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि त्या माणसाला विचारलं, किती दिवस जायचं आहे.